मशीनचा तास कुणाच्या नावावर?

२००४ च्या सुमारास मी अंधेरी पूर्वेला, मरोळ एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये कॉस्टिंग बघायचो. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचे, दुरुस्त करायचे. प्रत्येक कामाचं जॉब कार्ड वेगळं. माल किती लागला, कुणी किती तास दिले, हे कार्डावरच असे. अडायचं ते पुढे. गाळ्याचं भाडं, वीज, कूलंट, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा हा ओव्हरहेड खर्च कुठल्या जॉबचा म्हणायचा?

तिथली रीत होती मजुरीच्या तिप्पट. गोल आकड्यांत सांगतो: महिन्याची मजुरी ६०,०००, ओव्हरहेड १,८०,०००. सगळं काम लेथवर आणि कानशीवर चालायचं तोवर हे ठीक होतं. मग दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीन, आल्या आणि दोन्हींवर मिळून एकच ऑपरेटर पुरू लागला. मशीनच्या जॉबवर मजुरी थोडी, म्हणून ओव्हरहेडही थोडा. हाताच्या कामावर मात्र सगळा बोजा.

पॉलिशिंगचं काम करणारे आमचे फिटरमामा गाळ्यातले सगळ्यांत जुने. आरशासारखा साचा करून द्यायचे. त्यांच्या कामाची कोटेशनं महाग म्हणून परत येऊ लागली, तेव्हा साहेब म्हणाले, "मामांचं काम आता परवडत नाही." मला ते फार लागलं. मामा व्हीएमसीला हातही लावत नव्हते आणि तिचा घसारा त्यांच्या नावावर चढत होता.

मी खर्च दोन भागांत फोडला. मशीनमुळे होणारा १,२०,०००, दोन्ही मशीनचे मिळून महिन्याचे ६०० तास. म्हणजे तासाला २०० रुपये. उरलेले ६०,००० मजुरीवर, शंभर टक्क्यांनी. मामांच्या १,२०० रुपये मजुरीच्या जॉबवर आधी ३,६०० पडायचे, आता १,२००. व्हीएमसीच्या २० तासांच्या, ४०० रुपये मजुरीच्या जॉबवर आधी १,२००, आता ४,४००.

साहेबांनी कागद दोनदा तपासला. "म्हणजे व्हीएमसीची कामं आपण तोट्यात घेत होतो?"

"काही काही, हो."

व्हीएमसीचे भाव वाढवले तसं एक गिऱ्हाईक वसईला गेलं. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाचं पॉलिशिंगचं काम मात्र परत आलं, आणि मामांच्या हाताखाली एक पोरगा शिकायला बसला. मला त्याचाच आनंद जास्त.

पुढच्या वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आमच्या गाळ्यातही पाणी शिरलं, मशीन बंद पडल्या. साफसफाई, मोटारींचं रिवाइंडिंग, बसवून दिलेला पगार, हे सगळं हातातल्या जॉबवर वाटावं असं साहेबांचं मत होतं. मी ठाम नाही म्हटलं. पुराचा खर्च साच्याच्या किमतीत बसत नाही. दर ठरवायचा तो नेहमीच्या तासांवर. तो खर्च थेट नफा-तोटा खात्यात गेला. ऑगस्टमध्ये जी कोटेशनं गेली, त्यांत मशीनचा तास २०० रुपयांनीच धरला होता.