धानाच्या बांधीतलं स्टेडियम

बेसबॉलच्या मैदानाची मापं मोठी चमत्कारिक. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर, चेंडू फेकणाऱ्याच्या पायाखालची पट्टी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. यात इंचाचीही सूट नाही. पण त्यापलीकडे मैदान किती पसरावं, कुंपणाची भिंत किती उंच असावी, हे ठरवण्यात प्रत्येक मैदानाला भरपूर मोकळीक. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ साली सुरू झालं तेव्हा डाव्या अंगाला लान्सडाउन स्ट्रीट आडवा आला. रस्ता हलेना, मग मैदानच आखडलं. आज तिथे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे आणि दुसरीकडे षट्कारासारखा जाणारा फटका इथे भिंतीवर आपटून परत येतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९३७ साली भिंतीवर आयव्हीची वेल चढवली. चेंडू त्या वेलीत अडकला तर फलंदाजाला किती बेस द्यायचे, याचा नियमसुद्धा ठरलेला आहे.

ही सगळी माहिती आम्हाला साकोलीच्या अलीकडे, गाडीच्या मागच्या सीटवरून मिळत होती. देणारा आमचा कॉलेजातला दोस्त. बोस्टनला राहून राहून त्याचं नावच आता बोस्टनकर पडलं आहे. तिकडे मित्रांची टोळी करून गाडीने एकेका शहरात जायचं, मैदान बघायचं, सामना बघायचा आणि यादीत खूण करायची, हा तिथल्या लोकांचा छंद. मुख्य लीगचे संघ तीस, म्हणून यादीही तिसांची. काही जण आयुष्यभर पुरवून पुरवून ती संपवतात. बोस्टनकर निम्म्यावर आला आहे.

"आपल्याकडे असं काही नाही ना बे," तो हळहळला.

गाडी चालवणारा डॉक्टर गुरांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "आहे की. जानेवारी आहे, पट सुरू आहेत. चल, दाखवतो."

म्हणजे शंकरपट. धान कापून झालं, पुंजणी चुरून झाली, बैल मोकळे झाले, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बैलजोड्यांच्या शर्यती लागतात. कधी या गावी, कधी त्या गावी. यादी करायचीच म्हटली तर तीसवर थांबणार नाही.

सौंदड गेलं, कोहमारा आलं. हा गोंदिया जिल्ह्याचा महत्त्वाचा चौक. उजवीकडे गेलात तर नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि पुढे वडसा; डावीकडे गेलात तर गोरेगाव, गोंदिया; नाक समोर ठेवलंत तर देवरीवरून थेट छत्तीसगड. चौकात आमचा चौथा गडी उभा होता, सडक अर्जुनीकडच्या एका शाळेतला मास्तर. हातात आलूबोंड्यांचा पुडा. गाडीत बसताबसता त्याने बोस्टनकराला विचारलं, "सॉफ्टबॉल चालेल का? आमच्या पोरी खेळतात." महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये सॉफ्टबॉल बराच खेळला जातो. दहावी-बारावीच्या निकालात मिळणाऱ्या क्रीडा गुणांचा त्यात मोठा हात आहे, असं माझं मत. मास्तरला ते पटलं नाही. "गुणांसाठी येतात, पण गुण मिळाल्यावरही येतात," तो म्हणाला. पुढे बराच वेळ तो माझ्याशी बोलला नाही.

पहिला पट हमरस्ता सोडून आत, एका लहान गावाला लागून होता. तिथवर कुणाला वाट विचारावी लागली नाही. बैल उभे केलेले टेम्पो, त्यावर बांधलेली तनीस, शिंगांना गोंडे, सगळं एकाच दिशेला चाललं होतं. मध्य प्रदेशची पाटी असलेल्याही गाड्या होत्या. बालाघाट इथून किती लांब? पटाच्या शौकिनाला राज्याची सीमा फार दिसत नाही.

बोस्टनकर मैदान शोधत होता आणि मैदानातच उभा होता. त्याला ते कळायला वेळ लागला. धानाच्या बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी आखलेली लहान लहान शेतं. पटासाठी एका सरळ रेघेतले धुरे तोडायचे, ट्रॅक्टर फिरवून ढेकळं फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. झाली धावपट्टी. दोन्ही बाजूंचे न तोडलेले धुरे म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी. त्यामागची तळ्याची पाळ म्हणजे वरचा मजला. तिथे बायकापोरं बसली होती. एका मोहाच्या झाडावर इतकी पोरं चढलेली की फांद्यांची मला काळजी वाटली, पोरांना नव्हती.

पण कुठलीही बांधी घेऊन चालत नाही, हे तिथल्या एका म्हाताऱ्या पाटलांनी समजावलं. या भागात धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, ओल्या जमिनीत लाखोरी शिंपडतात. धान कापलं की खालून लाखोरीचं हिरवं पीक वर येतं. त्यावरून बैल धावले तर पीक गेलं. म्हणजे पट भरवायचा तर कुणाला तरी आधीपासून ठरवावं लागतं, की यंदा आपल्या या बांधीत लाखोरी नाही. जानेवारीच्या शर्यतीचं मैदान असं ऑक्टोबरात, उभ्या धानात ठरतं. पुन्हा जमीन फार उतरती नको, नाहीतर जोडी अंगावर येते. फार ओलीही नको. आणि शेवटी जोडी थांबायला मोकळं रान हवं. आमच्यासमोरच्या पट्टीच्या टोकाला एक जुनी विहीर होती. तिच्यामुळे पट्टी जरा आधीच संपवली होती. बोस्टनकराने मोबाइल काढून त्या विहिरीचे फोटो घेतले. "लान्सडाउन स्ट्रीट!" तो म्हणाला. पाटलांनी मान डोलावली. पाहुणा काहीतरी चांगलंच म्हणत असणार, असा त्यांचा चेहरा.

मग जोडी सुटली.

हे लिहून सांगणं कठीण आहे. आधी काहीच होत नाही. सुरुवातीच्या रेघेवर चार-सहा माणसं बैलांना धरून असतात, बैल मागेपुढे होतात, धुरकरी हलक्या छकड्यावर जेमतेम टेकलेला, माईकवाला कुठल्या तरी दात्याचं नाव तिसऱ्यांदा सांगत असतो. झेंडी पडते आणि माणसं बाजूला फेकल्यासारखी होतात. त्यानंतर आवाज येतो तो खुरांचा नाही, गर्दीचा. तो आवाज धुऱ्यावरून जोडीबरोबर पळत येतो, आपल्यापाशी येतो, आपल्याही तोंडून निघतो आणि पुढे जातो. काही सेकंदांत सगळं संपतं. उरते ती धूळ आणि माईकवरून सांगितलेली वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पूर्वी हातातल्या घड्याळावर भांडणं व्हायची. आता या पटात तरी यंत्र बसवलं आहे. भांडणं यंत्रावर होतात.

इथे एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावत होती. दुसऱ्या गावी दोन पट्ट्यांवर दोन जोड्या बरोबर सोडतात, हेही नंतर पाहिलं. अंतरही सगळीकडे एकच नाही, जेवढी सलग जमीन मिळाली तेवढं. बोस्टनकराला यातच सगळ्यात जास्त रस. "मग या गावची वेळ त्या गावच्या वेळेशी ताडून कशी बघता?" त्याने एका धुरकऱ्याला विचारलं.

"कायले ताडाची जी?" धुरकरी म्हणाला. "तो पट वेगरा, हा पट वेगरा."

डॉक्टर मात्र या गर्दीत रमत नव्हता. तो बैलांच्या रांगेत फिरत होता. कुणाचा पाय उचलून बघ, कुणाच्या शेपटीचं हाड चाचप. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा त्याची नोकरी नवी होती आणि त्याला बंदी मान्य होती. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. तिच्या जखमांवर औषध लावण्यात त्याचा हिवाळा जायचा. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, पण शर्यती कोर्टातच अडकून राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, काठी-चाबूक चालत नाही.

"पाळतात?" मी विचारलं.

"पट्टीवर बऱ्यापैकी. सगळ्यांचे मोबाइल चालू असतात ना. सुटायच्या आधी, गर्दीच्या आड, शेपटी पिरगाळणारे अजून आहेत." थोडं थांबून तो म्हणाला, "पण बंदीच्या काळात मी दुसरंही पाहिलं. पटाची जोडी ठेवणारा माणूस बैलाला पेंड घालतो, अंडी घालतो, पोराआधी बैल बघतो. पट गेला तशी घरंच्या घरं बैलांविना झाली. ट्रॅक्टर होताच." त्याने कुठल्याच बाजूने निकाल दिला नाही. मीही देत नाही. धावणारी जोडी पाहताना माझा श्वास अडकला होता, आणि रेघेवर एका बैलाच्या तोंडाचा फेसही मी पाहिला होता.

बैलांमध्ये डॉक्टरला गवळाऊ जात आवडते. वर्ध्याकडची, अंगाने सडपातळ, चालीला झपाट्याची. मराठ्यांच्या फौजांबरोबर सामान वाहून नेण्यात या बैलांचं नाव होतं. रांगेतला एक पांढरा बैल दाखवून तो म्हणाला, "हा बघ." मला पांढरा बैल दिसला. त्याला काय दिसलं ते तोच जाणे.

संध्याकाळच्या आत नवेगावबांध गाठायचं म्हणून निघालो. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा तलाव. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळे महाराष्ट्राला तो घरबसल्या ठाऊक झाला. कोहळी समाजाने या प्रदेशात तळी खोदली, त्यांवर धान पिकलं, आणि धान पिकलं म्हणून कापणीनंतर पटाला जागा झाली. तलावावर आम्ही फार थांबलो नाही. उकडलेले शिंगाडे घेतले, ते मात्र गाडीत गोंदिया येईपर्यंत पुरले.

गोठणगावचा फेरा माझ्या हट्टामुळे झाला. तिथे नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. रांगेत घरं, प्रार्थनेच्या पताका, गोंपा, आणि खेळायचं मैदान. मैदान रिकामं. एक आजी उन्हात माळ ओढत बसल्या होत्या. पोरं कुठे, असं विचारल्यावर त्यांनी स्वच्छ हिंदीत सांगितलं की सगळे स्वेटर विकायला गेलेत. हिवाळा हा त्यांच्या धंद्याचा हंगाम. नागपूरला आम्ही दर थंडीत ज्यांच्याकडून स्वेटर घेतो ती माणसं कुठून येतात, हे मला त्या रिकाम्या मैदानावर कळलं. शेजारच्या गावांत हिवाळ्यात माणसांचा पूर लोटतो आणि ही वसाहत त्याच दिवसांत ओस असते.

रात्री अर्जुनी मोरगाव भागात दुसरा पट. शर्यती उजेडातच संपल्या होत्या, पण पटाचा अर्धा भाग अंधार पडल्यावर सुरू होतो. पट म्हटला की नाटक आलंच. गावात प्रत्येक घरी पाहुणे. लेकी-जावई आलेले, उपवर मुलामुलींचे आईबाप एकमेकांना हेरत फिरणारे. शर्यत बंद होती त्या वर्षांतही झाडीपट्टीची नाटकं चालूच राहिली; वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव निघतात त्या उन्हाळा लागेपर्यंत. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या मास्तरने त्यांची कामं लहानपणी पोत्यावर बसून पाहिली आहेत, आणि पद्मश्रीचा दाखला तो दर तासाला देतो.

नाटक दहाच्या पुढे सुरू झालं. मंचाखाली ऑर्गनवाला, शेजारी ढोलकी. नायिकेला सासूने घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "रडू नको वो बाई." पुढच्याच प्रवेशात नाच. शिट्ट्या. बोस्टनकर म्हणाला की फेनवेवर आठव्या डावाच्या मध्यात सगळं मैदान एकत्र गाणं म्हणतं, थोडंसं तसंच आहे. मास्तर म्हणाला, "थोडंसं." पहाटेपर्यंत आम्ही तिघे झोपेने झुकत होतो आणि बोस्टनकर टक्क जागा. त्याचं घड्याळ अजून अमेरिकेचंच होतं.

गोंदियाला पोचलो तेव्हा तांदळाच्या गिरण्या सुरू झाल्या होत्या. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाल्यावर शहराला जे जे लागतं ते सगळं आलं. पक्कं स्टेडियमही आहे. बोस्टनकराने ते रस्त्यावरूनच पाहिलं, उतरला नाही. बिरसीचं विमानतळ दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेलं, असं मी त्याला सांगितलं. "तीही धावपट्टीच," डॉक्टर म्हणाला. कुणी हसलं नाही, सगळ्यांना झोप येत होती.

परतीच्या वाटेवर पहिल्या पटाच्या गावाशी पुन्हा थांबलो, कारण मास्तरची पिशवी पाटलांकडे राहिली होती. बांधीत ट्रॅक्टर उभा होता. कालव्याचं पाणी सुटलं की उन्हाळी धान लावायचं म्हणून पाटील तोडलेले धुरे परत घालून घेत होते. चहा झाला. बोस्टनकराने मोबाइलवर फेनवेचे फोटो दाखवले: भिंत, दिवे, गवताची कातरलेली नक्षी. पाटलांनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे रान कोनाचं जी?"

"कंपनीचं आहे, काका. संघाच्या मालकांचं."

"शंभर वर्सापासून?"

"हो. एकशे दहाच्या वर झाली."

"मंग ते तेथं धान कवा लावतेत?"

बोस्टनकराने खूप विचार केला आणि सांगितलं की तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. हे उत्तर पाटलांना पटलं. त्यांनी आम्हाला पुढच्या पटाची तारीख सांगितली, गावाचं नाव सांगितलं, आणि तिथली जमीन जरा चढाची आहे, तेव्हा गवळाऊपेक्षा भारी बैल बघा, असंही सांगितलं. बोस्टनकराचं परतीचं विमान त्याच्या आदल्या दिवशी होतं. तिकीट पुढे ढकलायला किती पैसे पडतात, ते तो कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत फोनवर विचारत होता.