बघितलं म्हणजे आलं का?

मित्रांनो, आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही एका मांजराला चालायला शिकवतो. खरं मांजर नव्हे हं! संगणकाच्या पडद्यावरचं. त्याचं घर म्हणजे 'स्क्रॅच'. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं मुलांसाठी केलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा २००७ साली सर्वांना खुली झाली. तिला एक पैसाही पडत नाही. ती शिकवणारे पाठही इंटरनेटवर फुकट मिळतात.

मग अडतं कुठे? सांगते.

चौरस काढायचा पाठ आम्ही बघितला. मांजराच्या हाती पेन द्यायचं. मग '१०० पावलं चाल, ९० अंश वळ' असं ४ वेळा करायला सांगायचं. मुलांनी पाठात होतं तस्सं केलं आणि झकास चौरस उमटला. "आलं, बाई!" सगळे ओरडले. मी पाठ बंद केला आणि म्हटलं, "आता समभुज त्रिकोण काढा."

वर्ग चिडीचूप! एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे हुशार मुलांचं काम. मला नाही जमायचं."

तिचं बोलणं मला फार लागलं. तिनं पाठ तीनदा बघितला होता. पण स्वतः डोकं चालवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. तिथेच ती स्वतःला 'ढ' ठरवून मोकळी झाली!

तेव्हापासून प्रत्येक पाठाला मी तीन उदाहरणं जोडते. एक, काय होईल ते आधी ओळखा. दोन, पाठातली एकच गोष्ट बदला. तीन, मी मुद्दाम बिघडवलेलं दुरुस्त करा.

त्रिकोणाचंच बघा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून बहुतेकांनी '६० अंश वळ' असंच सांगितलं. मांजर तीन बाजू चाललं, पण त्रिकोण काही मिटेना. उमटला अर्धा षटकोन! असं का बरं?

आम्ही पटांगणात खडूनं त्रिकोण आखला आणि त्यावरून चालून बघितलं. कोपऱ्यावर चांगलंच वळावं लागतं. १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश! ती मुलगी चालता चालता थांबली. "बाई, पूर्ण फेरीत आपण ३६० अंश वळतो. ते ३ कोपऱ्यांत वाटायचे!" पंचकोनासाठी ७२ तर तिनं मला न विचारताच लिहिले. १२० हा आकडा मी नुसता सांगितला असता, तर चार दिवसांत विसरला असता. चुकलेल्या ६०नं तो पक्का केला.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणकाचे कितीतरी पाठ मराठीतूनही आहेत. त्यांतल्या अनेक पाठांच्या शेवटी स्वाध्याय असतो. तो गाळून पुढचा पाठ लावू नका हं! जिथे स्वाध्याय नसेल, तिथे तुम्हीच एक तयार करा आणि मित्राला घाला.

पालकांनो, "आज किती पाठ झाले?" असं विचारण्यापेक्षा "पाठ बंद करून काय केलंस?" असं विचारा. घरी संगणक नसला तरी वही, पट्टी नि कोनमापक पुरे.

आता तुमची पाळी. पाच टोकांची चांदणी काढा. मांजर किती अंश वळेल? एवढंच सांगते, चांदणी पुरी होईपर्यंत ते दोनदा पूर्ण गिरकी घेतं. उत्तर छापणार नाही. चांदणी मिटली की समजा, बरोबर!