आता पुढं काय तुटणार?

हॉस्टेलात प्लॅस्टिकला कोणी मान देत नाही. बादलीला तडा, मगाचा कान गायब, खुर्चीचा एक पाय कायम सुट्टीवर! त्यामुळे आमच्या रूमच्या आरसी कारचे मागचे ड्राइव्हशाफ्टही प्लॅस्टिकचेच आहेत, हे कळल्यावर निकाल लगेच लागला. बदला!

गाडी दहास एक मापाची, चौघांच्या वर्गणीतली. उडी मारली की हवेत मागची चाकं सुसाट फिरतात. जमिनीला टेकली की ती एकदम अडतात, मोटर मात्र फिरतच असते. हा सगळा झटका शाफ्टनं सोसायचा. दोन शाफ्ट मोडल्यावर माझ्या रूममेटनं मेस रिबेटचे पैसे घालून स्टीलचे सीव्हीडी मागवले. हा गडी स्वतःही स्टीलचाच. सेमिस्टरला केटी लागली, तरी दोन महिने घरी एक अक्षर बोलला नव्हता.

बसवणं फार अवघड नाही. चाक काढायचं, जुना शाफ्ट सोडवायचा, नव्याचं एक टोक डिफरन्शिअलच्या कपात आणि दुसरं बेअरिंगमधून चाकाकडे. जोडातली पिन धरून ठेवणाऱ्या ग्रब-स्क्रूचं तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकचा एकच थेंब लावायचा. तो प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही, काही प्लॅस्टिकांना त्यानं तडे जातात. मग सस्पेन्शन हातानं पूर्ण खाली-वर करून शाफ्ट कुठं अडकत नाही ना, कपातून निसटत नाही ना, ते बघायचं.

गंमत नावात आहे. सीव्हीडी म्हणजे ‘कॉन्स्टंट व्हेलॉसिटी’. पण आतला पिनेचा जोड म्हणजे थिअरी ऑफ मशीन्समधला आपला हूक्स जॉइंटच! तो ३० अंशांत वाकला, तर एका फेरीत दोनदा वेग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो आणि १५ टक्क्यांनी वाढतो. १० अंशांना मात्र फरक जेमतेम दीड टक्का. मागच्या चाकांना स्टिअरिंग नसतं, कोन लहान राहतो, म्हणून चालून जातं.

वर्कशॉपमधल्या काकांना गाडी दाखवायला नेली. त्यांनी शाफ्ट बोटानं फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, “झकास. आता पुढं काय तुटणार रे?”

आम्ही गप्प. स्टीलचा मॉड्युलस ऑफ रिजिडिटी सुमारे ८० गिगापास्कल, नायलॉनचा १ च्या आसपास. म्हणजे जुना शाफ्ट पीळ खाऊन थोडा झटका पोटात घालत होता, आणि अगदीच असह्य झालं की स्वतः मोडून मागचे गिअर वाचवत होता. ज्याला आम्ही नावं ठेवत होतो, तो गाडीचा फ्यूज होता! फ्यूज काढून तिथं जाड तार बसवली, की जळायची पाळी दुसऱ्याची.

मग काय, शाफ्ट परत काढायचे? काका म्हणाले, “नाही रे. सैल काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवा.” स्लिपर क्लचचा स्प्रिंगवरचा नट आम्ही थोडा थोडा सैल करत गेलो. जास्त सैल केला तर क्लच घसरून तापतो, गाडी पळतच नाही. फार आवळला तर तो असून नसल्यासारखा. शेवटी जमलं. उडी मारून उतरताना क्लच क्षणभर ‘चुईं’ करून घसरला. बाकी सगळं शाबूत!

त्या रात्री अ‍ॅलन की डब्यात टाकताना रूममेट म्हणाला, “हा नट आपल्यालाही पाहिजे होता राव.” आणि फोन घेऊन जिन्याकडे गेला. घरी काय बोलणं झालं, ते आम्ही विचारलं नाही. तासाभरानं आला, डोळे लाल होते. “बाबा म्हणाले, एवढंच ना? आधी का नाही सांगितलंस?”

शाफ्ट स्टीलचा असावाच. कुठंतरी घसरायला जागाही असावी.