संगणकाची वामकुक्षी

काटकसर आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. खोलीबाहेर पडताना पंख्याच्या बटणाकडे हात आपोआप जातो. पाणी तापलं की गीझर बंद, उजेड असेतो दिवा लावायचा नाही. पण चार दिवस माहेरी जायचं असलं तरी फ्रीज बंद करताना आपण दहादा विचार करतो. कोणती वस्तू विसाव्याला पाठवायची आणि कोणती जागी ठेवायची, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला असतो. घरातल्या संगणकालाही हाच हिशेब लागू पडतो, हे मात्र मला शिकवणी पणाला लागली तेव्हा कळलं.

मी सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर मराठीचे दोन वर्ग घेते. मुलं बंगळूरची, आईवडील मराठी. शाळेचा पगार घरखर्चात कुठे मिसळून जातो ते कळतही नाही. ह्या वर्गांचे पैसे मात्र लेकीच्या शिक्षणासाठी बाजूला पडतात. पहिला वर्ग सहाला संपतो, दुसरा साडेसहाला सुरू होतो. मधल्या अर्ध्या तासात कुकर लावायचा, सासूबाईंना चहा द्यायचा आणि पदराला हात पुसत पुन्हा लॅपटॉपपुढे बसायचं.

गेल्या पावसाळ्यात असं होऊ लागलं, की दुसऱ्या वर्गाला बसावं तो हेडफोन मुका! पडद्यावर मुलं ओठ हलवताहेत, मला काही ऐकू येत नाही आणि त्यांनाही माझं नाही. वायर काढून पुन्हा खोचली की सगळं सुरळीत. पण त्यात पाच-सात मिनिटं जात. आठवड्यातून तीन-तीनदा असं व्हायला लागल्यावर एका आईचा फोन आला. बोलणं गोड होतं, पण अर्थ स्वच्छ होता: "मॅडम, हा महिना बघू, मग ठरवू."

घरात प्रत्येकाचं निदान तयारच होतं. "अगं, तू काहीतरी दाबलं असशील," हे म्हणाले. लेकीचं म्हणणं, "आई, रीस्टार्ट कर." दुरुस्तीवाल्याने नवा हेडफोन घ्यायला सांगितलं. मी मात्र दुधाच्या हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि हेडफोन मुका झाला की वेळ लिहायची असं ठरवलं. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. वर्ग चालू असताना तो एकदाही बंद पडला नव्हता. प्रत्येक वेळी घोटाळा झाला तो मधल्या अर्ध्या तासानंतरच. म्हणजे हेडफोन बिघडला नव्हता. तो झोपत होता, आणि झोपला की उठत नव्हता!

मग ह्या झोपेचीच माहिती काढली. माउस, हेडफोन, कॅमेरा ही संगणकाला बाहेरून जोडायची मंडळी बहुतेक यूएसबीच्या खाचेतून वीज घेतात. यूएसबीचे पहिले नियम १९९६ साली ठरले, तेव्हापासूनच त्यांत विश्रांतीची सोय आहे. एखाद्या उपकरणाला बराच वेळ काम नसलं की संगणक त्याच्याकडची वर्दळ थांबवतो. तीन मिलिसेकंद सामसूम दिसली की उपकरणानं निजायचं, असा नियम. यूएसबी २.० च्या खाचेतून जागेपणी ५०० मिलिअँपियरपर्यंत वीज घेता येते, झोपेत २.५ च्या आत राहायचं. म्हणजे दोनशेवा हिस्सा! योजना चांगलीच आहे. अडचण येते ती काही उपकरणं हाक मारली तरी नीट उठत नाहीत म्हणून. माझा हेडफोन लॅपटॉपला थेट जोडलेला नव्हता. एका खाचेच्या चार करणाऱ्या पट्टीत, म्हणजे हबमध्ये तो खोचलेला होता. गाढ झोपेचं दुखणं ह्या हबचं निघालं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोजच्या खालच्या पट्टीतल्या स्टार्ट बटणावर माउसचं उजवं बटण दाबा; यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' दिसेल. त्यात अगदी खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' आहे. ते उघडलं की हबांची नावं दिसतात. हव्या त्या नावावर दोनदा टिचकी मारून 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान काढायचं. तिथं 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी द्या' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्यापुढे बरोबरची खूण असते. मी माझ्या हबपुढची खूण काढली. त्या दिवसापासून हेडफोन जागा आहे. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसत नाही. तिथं सेटिंग्जमधल्या 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' खाली 'यूएसबी' पाहावं. स्क्रीन बंद झाल्यावर उपकरणं थांबवण्याचं बटण तिथं असतं.

हे पाहून आमच्या शेजारणीनं उत्साहाच्या भरात सगळ्याच खुणा काढायचं ठरवलं. मी तिला थांबवलं. कारण हिशेब असा आहे, पाहा. ५०० मिलिअँपियर म्हणजे अडीच वॉट. एखादं उपकरण रोज चार तास उगाच जागं राहिलं आणि तेवढी पुरी वीज खात बसलं, तरी वर्षाला होतात ३.६५ युनिटं. लॅपटॉप भिंतीतल्या विजेवर चालत असेल, तर एवढ्यासाठी वर्ग बुडवण्यात शहाणपणा नाही. पण बॅटरीवर गणित बदलतं. समजा बॅटरी ४० वॉट-तासांची आहे आणि लॅपटॉप ८ वॉट घेतो, तर ती पाच तास पुरेल. बाहेरच्या उपकरणांची झोप अर्धा वॉट वाचवत असेल, तर आणखी वीस मिनिटं मिळतील. शिवाय एखादं उपकरण सारखं जागं राहिलं तर संगणकाच्या प्रोसेसरलाही गाढ झोप लागत नाही, हा खर्च वेगळाच. पावसाळ्यात वीज गेल्यावर ज्यांनी बॅटरीवर वर्ग पुरा केला आहे, त्यांना वीस मिनिटांची किंमत सांगायला नको.

म्हणून सरसकट काही करू नये. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, प्रगत सेटिंगमध्ये, 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' अशी ओळ पुष्कळ लॅपटॉपवर असते. तिथं बॅटरीसाठी एक आणि विजेसाठी दुसरा असे निराळे हुकूम देता येतात. कामाचा हब जागा ठेवावा; कधीमधी लागणारा कॅमेरा खुशाल निजू द्यावा. बाहेरच्या हार्ड डिस्कचा दिवा विझलेला दिसला, तरी ती ओढून काढू नये. आधी 'सेफली रिमूव्ह' करावं. विंडोजचा मोठा अपडेट झाल्यावर आपल्या खुणा जागेवर आहेत ना, तेवढं पाहून घ्यावं.

त्याच पानावर काही उपकरणांपुढे आणखी एक खूण असते: ह्या उपकरणानं झोपलेल्या संगणकाला उठवलेलं चालेल का? कीबोर्डला ही परवानगी असावी. माउसची मी काढून घेतली, कारण टेबलाला धक्का लागला तरी लॅपटॉप दचकून उठे. हे वाचताना मला हसू आलं. आपल्या घरात हिला केव्हाही उठवावं अशी परवानगी सगळ्यांना आहे. चहाला, हरवलेल्या किल्लीला, दारावरच्या कुरिअरला! अशी खूण आपल्यापुढेही कुणीतरी करून ठेवली आहे, आणि ती काढता येते हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

बंगळूरच्या त्या बाईंची मुलगी अजून वर्गाला येते, आणि हल्ली जोडाक्षरं न अडखळता वाचते. घरातही थोडा बदल झाला आहे. सहा ते साडेसहा कुकरची शिट्टी मोजायचं काम आता लेकीकडे आहे आणि सासूबाईंचा चहा हे करतात. पहिल्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडली होती, पण सासूबाईंनी तक्रार केली नाही. मी मात्र तो अर्धा तास गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसते, आणि साडेसहाला हाकेसरशी उठते.