चालती वाट

आमच्या वाडीला रस्ते दोन. एक जुन्नरला जातो, त्याच्यावर एस.टी. येते. दुसरा कड्यावरून खाली कोकणात उतरतो, त्याच्यावर नुसते पाय चालतात. मी लहान होतो तेव्हा घरात ‘रस्ता’ म्हटलं की हा दुसराच असायचा. एस.टी.च्या रस्त्याला आमची म्हातारी माणसं ‘सडक’ म्हणायची.

जुन्नर तालुक्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे आमचा मुलूख. इथं जमीन एकदम संपते. भाताच्या खाचराच्या बांधावरून चार शेतं ओलांडली की कडा, आणि खाली मुरबाड तालुक्याची गावं. हा कडा सरळ तासलेला वाटतो, पण सह्याद्रीचा काळा दगड थराथरानं रचलेला आहे. जिथं दगडाला चीर पडली तिथं पाण्यानं ती कोरत नेली. तिला आम्ही नाळ म्हणतो. दोन थरांच्या मधे जी सपाटीची पट्टी राहते तो पदर. डोंगराची जी सोंड खाली उतरत जाते ती दांड. नाळ, पदर आणि दांड यांची सांगड घालून माणसानं वर-खाली यायची जी सोय केली, तिचं नाव घाट.

असे घाट ह्या भागात पुष्कळ. नाणेघाट सगळ्यांना माहीत. घाटघरजवळून उतरतो, खाली वैशाखऱ्याला लागतो. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा दोन हजार वर्षांमागचा ब्राह्मी लेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आंबोलीजवळून दाऱ्या घाट पळू-सोनावळ्याकडं जातो. दक्षिणेला आहुप्याचा घाट खोपिवलीत उतरतो. भीमाशंकरला खांडसवरून दोन वाटा, एक गणपती घाटाची सोपी आणि दुसरी शिडीची, छातीत धडकी भरवणारी. उत्तरेला हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याहून नळीची वाट चढते, तिथं भल्याभल्यांचे गुडघे बोलायला लागतात. ह्या मोठ्या घाटांच्या मधेमधे बारक्या वाटा आहेत, एकेका वाडीच्या. आमची त्यातलीच. तिचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. वाचून कुणी एकटा निघाला तर माझ्या जिवाला घोर.

ह्या वाटेनं आमचे आजे-पणजे वरई, नाचणी, तूप घेऊन खाली जात आणि मीठ, सुकट, बोंबील घेऊन वर येत. डोक्यावर ओझं, हातात काठी. उतरायला तीन तास, चढायला चार-साडेचार. ओझं टेकवायला ठरलेल्या जागी कमरेएवढाले धोंडे होते. खाली वाकायचं नाही, नुसतं मागं रेलायचं, की ओझं धोंड्यावर. जिथं दगड निसरडा तिथं पावठ्या खोदलेल्या. पायाचा पुढचा चवडा मावेल एवढ्याच, पण बरोबर पाऊल पडेल तिथंच. कुणी खोदल्या, ठाऊक नाही. माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. तिथं आल्यावर झाडाची डहाळी वाहायची आणि मग पुढं पाऊल टाकायचं. आबा म्हणायचे, “देवासाठी न्हाय रं, दम खायासाठी हाय त्ये.”

सोयरीकही ह्याच वाटेनं. माझी थोरली बहीण आक्का खाली दिली. लग्नानंतर तिची मुराळी म्हणून मीच गेलो होतो, नववीत होतो तेव्हा. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की तिच्या सासरच्या गावातला धूर दिसायचा. आई संध्याकाळी शेण टाकायला जायची ती हटकून त्या टोकावर जाऊन यायची. धूर दिसला की म्हणायची, “चूल पेटली बाई तिची.”

पुढं डांबर आलं, जीपगाड्या आल्या. आक्काकडं जायचं तर जुन्नर, तिथून माळशेज घाटानं टोकावडे, तिथून मिळेल त्या गाडीनं तिचं गाव. सबंध दिवस मोडतो. पण गुडघे मोडत नाहीत, म्हणून माणसं गाडीनं जायला लागली. मीठ दुकानात मिळायला लागलं. दहा-बारा वर्षांत वाट कारवीनं गिळली. कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा डोंगर निळा-जांभळा होतो, फोटो काढायला माणसं येतात. पण एरवी ती वाटेची वैरीण. दोन पावसाळे माणूस गेलं नाही की डोक्याएवढी वाढून पायवाट झाकून टाकते.

आईचं शेवटचं दुखणं आलं ते भातकापणीच्या दिवसांत. तेव्हा आमच्याकडं फोनला रेंज नव्हती. पहाटे आई म्हणाली, “आक्कीला बलवा.” माझ्या पुतण्याला मी ह्या वाटेनं खाली पिटाळला. तो पोर चुकत-माकत, अंग ओरबाडून घेत साडेनऊच्या सुमाराला पोचला. आक्का तेव्हा साठीला टेकलेली. तिच्या पोरानं गाडी आणायचं काढलं. ती म्हणाली, “गाडी सांजच्याला पोचंल. माझ्या आयला तेवढा येळ न्हाय.” कोयता कमरेला खोचला आणि निघाली. येताना पुढं ती आणि मागं पुतण्या. पोरगं नंतर सांगत होतं, “आत्या वाट बघतच नव्हती. कारवीत हात घालायची, चाचपायची, आन् म्हणायची, हितं पावठी आसंल. आन् असायचीच.” दुपारी अडीचला ती दारात उभी राहिली. आईनं तिच्या हातचं पाणी घेतलं. दिवस मावळायच्या आत आई गेली. आक्काचा पोरगा गाडीनं निघाला होता, तो रात्री नवाला पोचला.

त्यानंतर काही वर्षांनी पाठीवर बोचकी घेतलेली शहरातली पोरं यायला लागली. पहिल्यांदा आम्ही हसलो. मीठ नाही आणायचं, सोयरीक नाही, मग हे कशापायी चढतात? पण त्यांच्या पायांनी वाट परत उघडली, हे मान्य करायला पाहिजे. आमच्या पोरांना वाटाड्याचं काम मिळालं, चार घरांत भाकरी-पिठल्याचे पैसे यायला लागले. पोरंही चांगली. प्लास्टिक गोळा करून नेतात, म्हाताऱ्यांपाशी बसून जुनं विचारतात.

घोळ आहे तो मोबाइलातल्या रेघेचा. कुणीतरी डिसेंबरात चालतं, त्याची रेघ मोबाइलात उतरते आणि दुसरा ती धरून जुलैत येतो. एका जुलैत असाच आठ जणांचा घोळका वाटाड्या न घेता खालून चढायला लागला. रेघ त्यांना नाळेतून नेत होती. डिसेंबरात नाळ कोरडी असते, पावसात तीच ओढा असते. वर ढग फुटला की पाणी दगड-गोटे घेऊनच खाली येतं. पोरं मधल्या एका कपारीत अडकली. त्यांच्या हाका आमच्या गुराख्यानं ऐकल्या.

दोर होते, गडी होते, पण नाळेत उतरायचं कसं? तेव्हा वाडीतला सर्वांत म्हातारा बाबा, ज्याला खाटेवरून उठता येत नव्हतं, तो बोलला. “पावसात नाळंनं कोन जातंय? उंबरापासनं डाव्या हाताला पदर धरा. फुडं दांड लागंल. आमी आखाडात तिकडनंच जायाचो.” म्हणजे पावसाळ्याची वाट निराळी होती! आमच्या पिढीनं ती चाललीच नव्हती. पुतण्या आणि आणखी चौघं त्या सांगण्यावर निघाले. उंबर होता, पदर होता. कपारीच्या वर जाऊन त्यांनी दोर सोडला आणि अंधार पडायच्या आत आठही जणांना बाहेर काढलं. एकाचा पाय मोडलेला, त्याला घोंगडीच्या डोलीत घालून आणला.

तो बाबा त्याच दिवाळीच्या आधी गेला. त्याला आणखी काय काय ठाऊक होतं, ते आता कुणाला विचारायचं?

तेव्हापासून आम्ही एक नेम केलाय. पाऊस उघडला की आणि होळीच्या आधी, असं वर्षातून दोनदा वाडीतली पोरं घेऊन मी दोन्ही वाटा चालतो. नाळेची आणि पदराची. कारवी कापतो, ढासळलेले दगड लावतो. टाकं कुठं, आग्यामोहोळ कुठल्या कड्याला, खालून किती वाजेपर्यंत निघालं तर उजेडात माथा गाठतो, हे पोरांना दाखवत जातो. नुसतं सांगून भागत नाही, पाय तिथं पडावा लागतो. माझे गुडघे आता कुरकुरतात. पोरं म्हणतात, “तात्या, तुमी ऱ्हावा.” मी राहत नाही.

कोकणात उतरणारा गाडीरस्ता आमच्या भागातून व्हावा, ही मागणी फार जुनी आहे. झाला तर मी हार घेऊन उभा राहीन. अडलेल्या बाईला, साप चावलेल्याला गाडीच पाहिजे, पायवाटेचं कौतुक तिथं कामाचं नाही. पण दरड कोसळून सडक बंद पडते तेव्हा काय, हे माळशेजनं आम्हाला दाखवलंय. तेव्हा पावठ्या जागेवर असाव्यात आणि त्या चाचपणारे हात गावात असावेत, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही शहरातून येणार असाल तर जरूर या. आधी वाडीत थांबा, चहा घ्या, कुणाला तरी बरोबर घ्या. मोबाइलात रेघ असली तरी घ्या. आणि माथ्यावरच्या दगडापाशी डहाळी वाहा. देव माना न माना, तेवढाच दम खाऊन होतो.