गावचं पाखरू

आम्ही सोनाळ्याचे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरव्याच्या जंगलाजवळ वाढलो. त्या जंगलाचं अभयारण्य झालं ते १९९७ साली; पाखरं मुद्दाम बघायला जायची असतात, हे मात्र आम्हां भावांना ठाऊकच नव्हतं.

पुढं धंद्यापायी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. शेगावला गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं, अन् दुकानं उघडेपर्यंत एखाद्या बागेत थांबायचं. एकदा तिथं वडावर तांबट बोलला. भांड्यावर हातोडी पडावी तसा, टुक्-टुक्-टुक्. गावचं माणूस भेटल्यागत वाटलं. आम्ही दुर्बीण घेतली.

एका बागेत रखवालदारानं हटकलं. नाव विचारलं. ते ऐकून पिशवीही उघडायला लावली. आत पक्ष्यांचं पुस्तक निघालं.

"कुणाचं?"

"सलीम अलींचं."

हा माणूस मुंबईचाच. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची जात विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि जन्मभर पाखरांचा झाला. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली आलं. रखवालदारानं हे नाव ऐकलेलं नव्हतं. आम्ही दुर्बीणच त्याच्या हाती दिली. तांबट दिसताच तो म्हणाला, "अरे, हा तर आमच्या गावचा!"

तो हसला, आम्हीही हसलो. तरी पुढच्या खेपेला दुर्बीण घरीच राहिली. अम्मीनं विचारलं, तेव्हा सांगितलं, "जड होते."