अडीच फुटांचा रूळ

गोंदियाजवळच्या गोरेगावकरांना गाडी पकडायची तर जवळचं स्टेशन हिरडामाली. आज तिथून ब्रॉडगेजच्या गाड्या बल्लारशाकडे जातात, पण जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून ‘छोटी गाडी’च धावते. बंगाल-नागपूर रेल्वेने हा गोंदिया-नागभीड मार्ग 1908 मध्ये सुरू केला. दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजचं 1676. निम्म्याहूनही कमी!

नव्वदच्या दशकात हा मार्ग रुंद झाला. शेजारची नागपूर-नागभीड छोटी गाडी 2019 पर्यंत तग धरून होती.

मग या छोट्या गाड्यांच्या इंजिनांचं काय झालं? बरीच भंगारात गेली. काही वाचली ती नागपूरच्या मोतीबागेत. तिथलं नॅरोगेज संग्रहालय 2002 मध्ये उघडलं, आणि ते विदर्भात आहे याचा अभिमान जरा कमीच मिरवला जातो.

वाफेचं इंजिन जपणं म्हणजे रंग मारणं, असा एक समज आहे. रंगाने फोटो छान येतो, एवढंच. खरी कसोटी बॉयलरची. जुन्या नळ्या काढायच्या, गंजून पातळ झालेला पत्रा शोधायचा, मग पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. वाफेऐवजी पाणी अशासाठी, की फुटलं तरी स्फोट होत नाही. नुसती गळती दिसते. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते घडवावे लागतात आणि घडवणारे फिटर निवृत्त होत चालले आहेत.